बाळंतपणाची तयारी : फोनने काय करावे, घराने काय करावे?



घरात लग्न ठरले की आपण किती आधीपासून कामाला लागतो! मांडव कोणाचा, आचारी कोण, वऱ्हाडाच्या गाड्या किती, पाहुण्यांची झोपण्याची सोय कुठे, सारे महिना-दोन महिने आधी ठरते. गाडीवाल्याला विसार दिला जातो. घरातल्या प्रत्येकाला एकेक काम नेमून दिलेले असते. बाळंतपणाची तारीख तर आपल्याला सात-आठ महिने आधी कळलेली असते. तरीही गाडी शोधायची कधी? तर कळा सुरू झाल्यावर. पैसे उसने मागायचे कधी? तर गाडी दारात आल्यावर. तहान लागल्यावर विहीर खणू नये, असे आपणच मुलांना सांगतो आणि बाळंतपणात नेमके तेच करतो.

आज या विषयावर लिहिण्यास एक निमित्त घडले, ते आधी सांगते.

२०२४ च्या मे महिन्यात सिद्धेश्वरचा एक तरुण माझ्या दवाखान्यात आला. मुलगा हुशार. पुण्याला संगणकाच्या कंपनीत नोकरीला आहे. गावाकडच्या गरोदर स्त्रियांसाठी मोबाईलवर चालणारे एक ॲप त्याने स्वतःच्या हौसेने बनवायला घेतले होते. "मावशी, तुम्ही फक्त यातली वैद्यकीय माहिती तपासून द्या," असे त्याचे म्हणणे. मी चष्मा लावून ते ॲप पाहिले. कोणत्या महिन्यात बाळ लिंबाएवढे, कोणत्या महिन्यात पपईएवढे, अशी रंगीत चित्रे होती. आहाराचे तक्ते होते, व्यायाम होते, बाळाच्या नावांची लांबलचक यादी होती. माहितीत चूक अशी फारशी नव्हती.

मी त्याला एवढेच विचारले, "अरे, हे सगळे छान आहे. पण रात्री दोन वाजता एखादीचे पाणी गेले, तर ती कोणाच्या गाडीत बसून कोणत्या दवाखान्यात जाणार, हे तुझ्या ॲपला ठाऊक आहे का?"

तो गप्प झाला. मग म्हणाला, "ते कसं काय ॲपला ठाऊक असणार, मावशी?"

ॲपला ते ठाऊक नसते, हे त्याचे खरेच होते. पण त्या घराला तरी ते ठाऊक असते का? बहुतेक घरांना नसते, आणि आजचा सारा लेख त्याबद्दल आहे.

एक जुनी गोष्ट

हा प्रश्न माझ्या मनात कुठून आला, तेही सांगायला हवे. त्या वेळी आपला हिंगोली जिल्हा झालेला नव्हता, तो १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. त्याच्या काही वर्षे आधीची गोष्ट. एक तिशीतली बाई तिसऱ्या खेपेला गरोदर होती. माझ्याकडे दोनदा तपासून गेली होती. दोन्ही वेळा मी वजन केले, रक्तदाब पाहिला, लोहाच्या गोळ्या दिल्या आणि "जपून राहा, काही वाटलं तर लगेच या," असे सांगून पाठवले.

बाळंतपण घरीच झाले. मूल चांगले रडले. पण वार पडेना आणि रक्त थांबेना. नवरा बाजाराला गेलेला. तो आल्याशिवाय हलवायचे कसे, म्हणून घरच्यांनी वाट पाहिली. तो आल्यावर वाहनाचा शोध सुरू झाला. एकाचे ट्रॅक्टर मिळाले, पण त्यात तेल नव्हते. मग पैशांसाठी एका घरी, दुसऱ्या घरी. माझ्या दारात ती आली तेव्हा नाडी हाताला लागत नव्हती. रक्त माझ्यापाशी नव्हते. सलाईन लावून पुढे नांदेडला पाठवली. ती वाटेतच गेली.

घरच्यांनी नशिबाला बोल लावला. मी मात्र पुष्कळ दिवस एकाच गोष्टीचा विचार करीत राहिले. ती दोनदा माझ्यासमोर बसली होती. "बाई, तुझ्या गावात गाडी कोणाकडे आहे? नवरा घरी नसला तर कोण निर्णय घेईल?" हे दोन प्रश्न मी तिला एकदाही विचारले नव्हते. "काही वाटलं तर लगेच या," हे सांगणे सोपे असते. ती येणार कशी, याची चौकशी मी केलीच नाही.

तीन उशीर

सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या दोन अभ्यासक स्त्रियांनी १९९४ साली मातामृत्यूंची कारणे तपासताना एक साधी मांडणी केली. आज जगभरचे आरोग्य कार्यकर्ते तीच शिकतात. त्यांचे म्हणणे असे की, बाळंतपणात बाई दगावते ती बहुधा तीन उशिरांपैकी एखाद्याने किंवा तिन्हींनी. पहिला उशीर घरात होतो, म्हणजे "दवाखान्यात न्यायचे" हे ठरवण्यात. दुसरा उशीर वाटेत होतो, म्हणजे वाहन मिळण्यात आणि पोचण्यात. तिसरा उशीर दवाखान्यात होतो, म्हणजे पोचल्यावर डॉक्टर, औषध, रक्त मिळण्यात.

वर सांगितलेल्या गोष्टीत तिन्ही उशीर आहेत. आणि घड्याळ थांबत नसते. बाळंतपणानंतरचा जोराचा रक्तस्राव आवरला नाही, तर सरासरी दोन तासांत बाई हातची जाऊ शकते. दोन तास म्हणजे किती? आपल्याकडे गाडी शोधण्यातच तेवढे जातात.

परिस्थिती सुधारली आहे, हेही सांगितले पाहिजे. सरकारच्या नमुना नोंदणी पाहणीप्रमाणे २००४-०६ या काळात भारतात दर एक लाख जिवंत जन्मांमागे २५४ माता दगावत होत्या, महाराष्ट्रात १३०. २०१८-२० मध्ये हेच आकडे भारतात ९७ आणि महाराष्ट्रात ३३ झाले. २००५ पासून जननी सुरक्षा योजना आणि गावोगावच्या आशाताई, २०११ पासून सरकारी दवाखान्यात मोफत बाळंतपण, २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका, अशा पुष्कळ गोष्टींचे हे फळ आहे. आज महाराष्ट्रातील बहुतेक बाळंतपणे दवाखान्यात होतात. पण ज्या थोड्या बाया अजूनही जातात, त्या बहुधा याच तीन उशिरांपायी जातात. पहिले दोन उशीर घरच्यांना आधी बसून टाळता येतात. त्यालाच प्रसूतीची पूर्वतयारी किंवा बाळंतपणाचा आराखडा म्हणायचे.

विलायतेत आणि अमेरिकेतही बायका असा आराखडा लिहितात. त्यात मुख्यतः आपल्या आवडीनिवडी असतात. सोबत कोण असावे, कळा कमी करण्याचे औषध हवे की नको, बाळ लगेच छातीशी द्यावे का, असे. त्याही गोष्टी मोलाच्या आहेत. बाई दवाखान्यात गेली म्हणून तिचे मन घरी राहत नाही. पण धरणाकाठच्या गावात राहणाऱ्या बाईच्या आराखड्याचे पहिले पान गाडीचे असले पाहिजे.

सिद्धेश्वरच्या ओसरीवर

मी त्या तरुणाला म्हटले, "इथे बसून ठरवण्यापेक्षा तुझ्या गावात जाऊ. एखाद्या गरोदर बाईच्या हातात हे ॲप देऊन बघू."

सिद्धेश्वर म्हटले की आपल्याला पूर्णा नदीवरचे धरण आठवते. वर येलदरी, खाली सिद्धेश्वर. औंढा नागनाथ तालुक्यातला हा भाग. रविवारी आम्ही एका घरी गेलो. सूनबाईंना सातवा महिना होता, पहिलीच खेप. सासूबाई, सूनबाई, आशाताई आणि आम्ही दोघे ओसरीवर बसलो. तरुणाने ॲप उघडले.

पहिल्याच पानावर ॲपने ई-मेलचा पत्ता मागितला. सूनबाई बारावी शिकलेल्या, पण ई-मेल त्यांना कधी लागलेला नव्हता. तो टप्पा ओलांडला, तर फोनवर आलेला सांकेतिक आकडा भरा, असे आले. तो आकडा गेला नवऱ्याच्या फोनवर, आणि नवरा शेतात. "आमचा फोन मालकापाशीच असतो, संध्याकाळी येतो घरी," सूनबाई म्हणाल्या. सासूबाईंना वाचता येत नव्हते. त्यांनी चित्रातल्या पपईकडे बघून विचारले, "पोटुशीला पपई खा म्हणतंय का काय हे?"

आम्ही हसलो, पण तरुणाच्या तोंडचे पाणी पळाले. घरातली जी व्यक्ती "आत्ता निघू" किंवा "थोडं थांबू" हे ठरवणार, तिला त्याचे ॲप उलटेच कळले होते.

खरी अडचण पुढेच होती. ॲपने सूनबाईंचा पत्ता घेतला आणि जवळचे दवाखाने दाखवले. औंढ्याचे, हिंगोलीचे. आशाताईंनी ते पाहिले आणि म्हणाल्या, "पण या तर ओटी भरली की माहेरी जाणार. माहेर जिंतूर तालुक्यात."

जिंतूर म्हणजे परभणी जिल्हा. तिथली आशाताई वेगळी, परिचारिका वेगळी, दवाखाना वेगळा, गाडीवाला वेगळा. सात महिने सूनबाईंची सारी तपासणी हिंगोली जिल्ह्यात झाली, कार्डावर इथल्या नोंदी, आणि प्रत्यक्ष बाळंतपण दुसऱ्या जिल्ह्यात, जिथे त्यांचे नाव कोणाच्याच वहीत नाही! पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपली रीत चांगलीच आहे. मुलीला आईजवळ विसावा मिळतो. पण पुण्यात बनलेल्या ॲपला ही रीत ठाऊक नव्हती. तशीच गोष्ट ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची. मराठवाड्यातली कितीतरी जोडपी दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. त्यांचा नववा महिना कारखान्याच्या तळावर, पालात येतो.

म्हणून त्या ओसरीवर आम्ही ठरवले की, आराखड्याचा पहिला प्रश्न "तुम्ही कुठे राहता?" हा नको. "नवव्या महिन्यात तुम्ही कुठे असाल?" हा हवा.

आराखड्याचे सहा प्रश्न

त्या दिवशी आम्ही मिळून सहा प्रश्न काढले. वाचकांच्या घरी कोणी गरोदर असेल, तर ॲप असो वा नसो, हे सहा प्रश्न घरातल्या सगळ्यांनी बसून सोडवावेत. प्रत्येक उत्तरात माणसाचे नाव आणि फोन नंबर आला पाहिजे. "बघू", "होईल काहीतरी", "आहेत की गावात गाड्या" ही उत्तरे धरायची नाहीत.

१) नवव्या महिन्यात कुठे असणार, आणि बाळंतपण कोणत्या दवाखान्यात? ठिकाण बदलणार असेल तर तिथल्या आशाताईला सातव्या महिन्यातच कळवावे. माता-बाल संरक्षण कार्ड आणि सोनोग्राफीचे कागद बरोबर न्यावेत. रक्तदाब जास्त असेल, आधीचे सिझेरियन असेल, जुळे असेल, रक्त फार कमी असेल, तर कोणता दवाखाना हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी असते. २०१६ पासून हे अभियान चालू आहे. तिथे हा प्रश्न जरूर विचारावा.

२) गाडी कोणाची? १०८ आणि १०२ हे क्रमांक घरातल्या प्रत्येकाला पाठ असावेत. त्याशिवाय गावातल्या दोन गाडीवाल्यांशी आधी बोलून ठेवावे. एक नव्हे, दोन. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आले तर दुसरी वाट कोणती, हेही विचारून घ्यावे.

३) निर्णय कोण घेणार? नवरा शेतात, सासरा बाजारात, अशा वेळी "चला" म्हणण्याचा अधिकार कोणाला? हे सगळ्यांसमोर एकदा बोलून टाकावे. माझे मत असे की, तो अधिकार सर्वांत आधी त्या बाईलाच असावा.

४) पैसे किती आणि कोणाजवळ? सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधे, तपासण्या, रक्त, आईचे जेवण आणि जाण्यायेण्याचे वाहन मोफत आहे. तरीही सोबतच्या माणसांचे खाणे, अडीअडचण यासाठी थोडी रोकड लागतेच. सातव्या महिन्यापासून थोडे थोडे बाजूला काढावे आणि ते कपाटात कुलपात न ठेवता सोबत जाणाऱ्या बाईजवळ द्यावे. बाईच्या नावाचे बँक खाते आधीच काढून घ्यावे. मातृवंदना योजनेत पात्र मातांना पहिल्या बाळंतपणासाठी ५,००० रुपये मिळतात, ते खात्यातच जमा होतात.

५) रक्ताचा गट कोणता, आणि रक्त द्यायला कोण तयार? रक्त रक्तपेढीतूनच तपासून मिळते. पण वेळप्रसंगी रक्तदान करणारे दोन-तीन निरोगी नातलग तयार असावेत. रक्त दिल्याने पुरुष अशक्त होतो, हा निव्वळ गैरसमज आहे.

६) सोबत कोण जाणार, आणि घरी कोण थांबणार? सरकारी दवाखान्यात प्रसूतीच्या वेळी सोबतीला एक बाई राहू देण्यास केंद्र सरकारने २०१६ सालीच मान्यता दिली आहे. धीर देणारी, स्वतः बाळंतपण अनुभवलेली बाई न्यावी. घरी लहान मुले, गुरेढोरे असतील तर ती कोण पाहणार, हेही ठरवावे. "म्हशीला पाणी कोण पाजणार" एवढ्या विचाराने निघायला तासभर उशीर झालेला मी पाहिला आहे.

तारखेविषयी थोडेसे

शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने आणि सात दिवस मिळवले की बाळंतपणाची अंदाजी तारीख मिळते. सूनबाईंची शेवटची पाळी २८ ऑक्टोबरला आली होती. नऊ महिन्यांनी २८ जुलै, त्यात सात दिवस, म्हणजे ४ ऑगस्ट. ज्यांची पाळी नियमित नसते त्यांची तारीख सुरुवातीच्या सोनोग्राफीवरून धरावी.

पण ही तारीख म्हणजे रेल्वेचे वेळापत्रक नव्हे. शंभरात जेमतेम चार-पाच बाळे नेमकी त्या दिवशी जन्मतात. तारखेच्या तीन आठवडे आधीपासून दोन आठवडे नंतरपर्यंत कधीही बाळंतपण होऊ शकते. तरुणाच्या ॲपमध्ये ४ ऑगस्टला एक फुगा दाखवला होता. मी त्याला म्हटले, "एका दिवसावर फुगा लावू नकोस. १४ जुलैपासून सगळे दिवस रंगव, आणि लिही की गाडी, पैसे, पिशवी १४ जुलैच्या आत तयार हवी."

ॲप बनवणाऱ्या तरुणांसाठी

आपल्या जिल्ह्यातली पुष्कळ मुले आता संगणक शिकतात. उद्या त्यांच्यापैकी कोणी अशा कामात पडेल, म्हणून आम्हाला जे कळले ते थोडक्यात मांडते.

पहिली गोष्ट, फोन कोणाच्या हातात आहे ते पाहा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतातील सुमारे ५४ टक्के स्त्रियांनी सांगितले की, स्वतः वापरतो असा मोबाईल आपल्याकडे आहे. इंटरनेट कधी ना कधी वापरलेल्या स्त्रिया सुमारे ३३ टक्केच होत्या, खेड्यांत त्याहून कमी. त्यानंतर फोन वाढले असतील, पण घरात एकच चांगला फोन आणि तो पुरुषाच्या खिशात, हे चित्र आजही पाहायला मिळते. म्हणून आवाजाचा आधार घ्या. मुंबईत डॉ. अपर्णा हेगडे यांनी २००८ साली स्थापन केलेली 'अरमान' ही संस्था 'एममित्र' या सेवेत गरोदर बायांना साध्या फोनवर बोलता संदेश पाठवते, तोही बाईला सोयीच्या वेळी. केंद्र सरकारची 'किलकारी' सेवा याच धर्तीची आहे. चौथ्या महिन्यापासून बाळ वर्षाचे होईपर्यंत दर आठवड्याला एक फोन येतो. महाराष्ट्रात ती फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. वाचता न येणाऱ्या सासूबाईंनाही तो फोन कानाला लावता येतो.

दुसरी गोष्ट, माहिती सांगून थांबू नका, प्रश्न विचारा आणि उत्तर येईपर्यंत पुन्हा विचारा. "वाहनाची सोय करून ठेवा" हे वाक्य ऐकले आणि विसरले जाते. "गाडीवाल्याचे नाव सांगा" असे विचारले की घरात बोलणे सुरू होते.

तिसरी गोष्ट, मध्ये माणूस ठेवा. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील झांझिबार बेटांवर 'सेफर डिलिव्हरीज' नावाचा उपक्रम झाला. तिथे ॲप गरोदर बाईच्या हाती न देता गावच्या आरोग्य स्वयंसेविकेच्या हाती दिले. ती घरी जाऊन प्रश्न विचारी आणि ॲप तिला सांगे की या बाईने कोणत्या दवाखान्यात जावे, वाहनासाठी किती पैसे साठवावे. त्याच बेटांवर त्याआधी एक वेगळा प्रयोग झाला होता. त्यात बायांना केवळ मोबाईलवर संदेश पाठवले आणि बोलण्यासाठी फोनची सोय दिली. २०१२ साली त्याचा निष्कर्ष आला. कुशल व्यक्तीच्या हातून बाळंतपण करणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण ही सोय मिळालेल्या गटात ६० टक्के आणि न मिळालेल्या गटात ४७ टक्के दिसले, पण हा फायदा शहरातल्या बायांना झाला, खेड्यातल्या बायांत तसा फरक दिसला नाही. दूरच्या खेड्याला नुसता संदेश पुरत नाही, असा धडा मी त्यातून घेते. आपल्याकडे ते माणूस म्हणजे आशाताई. तिच्या कामाचा भार वाढवणारे ॲप नको, हलका करणारे हवे.

चौथी गोष्ट, रेंज नसतानाही ॲप चालले पाहिजे, आणि शेवटी सारे कागदावर उतरले पाहिजे. फोन बंद पडतो, पाण्यात पडतो, नवऱ्याबरोबर गावाला जातो. कार्डामागे चिकटवलेला कागद जागचा हलत नाही.

पाचवी गोष्ट, बाईची झाकली मूठ झाकलेली राहू द्या. घरातला फोन दहा जण हाताळतात. आधीचा गर्भपात, एखादा आजार, तपासणीचा निकाल अशा गोष्टी उघड्या पडद्यावर येऊ नयेत. अशा माहितीच्या रक्षणासाठी २०२३ साली स्वतंत्र कायदाही झाला आहे. आणि मुलगा-मुलगी सांगणारे कोष्टक गंमत म्हणूनसुद्धा घालू नका. १९९४ चा गर्भलिंगनिदानविरोधी कायदा अशा जाहिरातीलाही मनाई करतो, आणि त्या कोष्टकात शास्त्र तर काहीच नसते.

शेवटची गोष्ट, ॲपला डॉक्टर बनवू नका. पुढील लक्षणे दिसली की ॲपने आणि घराने एकच वाक्य बोलावे, "आत्ता निघा" : अंगावरून रक्त जाणे, पाणी जाणे, फार डोके दुखून डोळ्यांपुढे अंधारी येणे, चेहऱ्यावर व हातांवर एकाएकी सूज, झटके, जोराचा ताप, धाप लागणे, पोटात सतत असह्य दुखणे, बाळाची हालचाल कमी होणे किंवा थांबणे, बाळंतपणानंतर रक्त न थांबणे.

आषाढी एकादशीच्या आदल्या रात्री

सूनबाई जूनमध्ये माहेरी गेल्या. जाताना आशाताईंनी सहा उत्तरांचा कागद कार्डाला टाचून दिला आणि तिकडच्या आशाताईला फोन केला. तरुणाचे ॲप तेव्हा अर्धेच दुरुस्त झाले होते. त्यामुळे हा सारा कारभार कागदावर आणि तोंडीच झाला.

१६ जुलैच्या रात्री, म्हणजे तारखेच्या एकोणीस दिवस आधी, सूनबाईंचे पाणी गेले. बाहेर पाऊस, फोनला रेंज नाही. वडील वारीला गेलेले. आई कागद घेऊन पहिल्या गाडीवाल्याच्या दारी गेली, तर तोही पंढरपूरला भाडे घेऊन गेलेला. एरवी इथेच दोन तास गेले असते. पण कागदावर दुसरे नाव होते. दोन गल्ल्या सोडून असलेल्या त्या माणसाला आधी सांगून ठेवलेले होते, त्यामुळे तो उठला, किल्ली घेतली आणि निघाला. वडिलांना विचारायचे का, हा प्रश्न कोणी काढला नाही, कारण तिसऱ्या उत्तरात आईचे नाव लिहिलेले होते.

पहाटे सरकारी दवाखान्यात मुलगी झाली. बाळंतपणानंतर रक्त नेहमीपेक्षा जास्त गेले. परिचारिकांनी लगेच इंजेक्शन दिले, पोट चोळले, सलाईन लावले आणि ते थांबले. घरी असत्या तर काय झाले असते, ते मी लिहीत नाही. वर एक जुनी गोष्ट सांगितलीच आहे.

नंतर तो तरुण पेढे घेऊन आला तेव्हा थोडा खट्टू होता. म्हणाला, "मावशी, माझं ॲप तर वापरलंच नाही कोणी." मी म्हटले, "अरे, तुझ्यामुळेच तर ओसरीवर सहा प्रश्न निघाले. आता तेवढेच सहा प्रश्न तुझ्या ॲपमध्ये ठेव, आणि उत्तरं कागदावर उतरली की ॲपचं काम झालं असं समज." आता त्याच्या ॲपमध्ये पपई नाही. पहिलाच प्रश्न आवाजात येतो, "नवव्या महिन्यात तुम्ही कुठे असाल?"

वाचकहो, आपल्या घरात, शेजारी, भाऊबंदकीत कोणी गरोदर असेल तर आज संध्याकाळी जेवणानंतर सगळ्यांनी अर्धा तास बसा. एक कागद घ्या, सहा उत्तरे लिहा, कार्डाला टाचा. वाचता येत नसेल त्याला वाचून दाखवा. आणि पुरुषमंडळींना एक विनंती : गाडीवाल्याशी उद्याच बोला. एक नव्हे, दोघांशी.